बिबड्या, कावळे आणि तरफ

प्रश्न : माझा मुलगा सहावीत आहे. सायन्सच्या पेपरात साधी यंत्रं, तरफेचे तीन प्रकार, उदाहरणं सगळं बरोबर लिहिलं, पैकीच्या पैकी मार्क. दुसऱ्या दिवशी गव्हाचा ३० किलोचा कट्टा ओट्यावर चढवायचा होता तर हा नुसता उभा राहून म्हणतो, मम्मी जड आहे. मी म्हटलं अरे फळी लाव ना, तर म्हणे फळी कशाला! साडेसातशेचं एक किट पण मागवलं होतं, एका दुपारी जोडलं आणि माळ्यावर गेलं. पोरांना काहीतरी नवीन बनवायला लावा म्हणजे शिकतात असं सगळे सांगतात, पण घरात नेमकं काय बनवायला लावायचं?
— एक आई, चोपडा

उत्तर : ताई, किटचं मनाला लावून घेऊ नका, आमच्याही माळ्यावर एक आहे. किटमधे प्रश्नही त्यांचाच असतो न उत्तरही त्यांचंच, पोराच्या वाट्याला फक्त नट आवळणं येतं. त्यापेक्षा घरात असं एखादं काम शोधा ज्याचा पोराला स्वतःला वैताग आहे, आणि तिथं त्याला मोकळं सोडा.

मागच्या मे महिन्यातलं सांगतो. भडगावला आक्काकडे गच्चीवर बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळत घातल्या होत्या आणि राखणीला भाची, तीही सहावीतलीच. आता मे महिन्यात आपल्याकडे दुपारी गच्चीवर बसायचं म्हणजे काय ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. अर्ध्या तासात पोरगी लाल होऊन खाली आली, तेवढ्यात कावळ्यानं दोन बिबड्या नेल्या, आक्का तिच्यावर चिडली, पोरगी रडायला लागली. मी एवढंच म्हटलं, जिन्यात सावलीला बसून कावळा हाकलता आला तर? आणि गप बसलो, जे मला सहसा जमत नाही.

तिनं फळांचं एक लाकडी खोकं उभं केलं, दोन फुटाची पट्टी मधोमध भोक पाडून खिळ्यानं त्याच्या कडेला ठोकली, म्हणजे सी-सॉसारखी खालीवर होईल अशी. एका टोकाला खडे भरलेला पत्र्याचा डबा, दुसऱ्या टोकाला सुतळी, ती खोक्याच्या तळाशी वाकवलेल्या खिळ्याखालून फिरवून थेट जिन्यात. ओढलं की डबा वर, सोडलं की खाली. पहिल्यांदा ओढली तर डबा चार बोटं उचलला न खट् करून पडला, कावळ्यानं मान वळवून पाहिलं आणि परत बिबडीकडे वळला. घरातले सगळे हसले, तिला राग आला, पण त्या रागानंच तिनं खिळा काढला आणि सुतळीकडच्या टोकापासून सहा इंचावर ठोकला. आता तिकडं सहा इंच आणि डब्याकडं अठरा, म्हणजे सुतळी चार इंच ओढली की डबा फूटभर उडायला पाहिजे. पण आता ओढवेचना! बोटाला सुतळी रुतली आणि खोकंच सरकत जिन्याकडं यायला लागलं. मला लई सांगावंसं वाटत होतं पण गप राहिलो, आणि दहा मिनिटांनी तिनं डब्यातले खडे काढून दोनच ठेवले, खोक्यात दोन विटा टाकल्या. मग जो काही खडखडाट झाला, शेजारच्या गच्चीवरचे कावळेसुद्धा उडाले.

त्यानंतर मी तोंड उघडलं. म्हटलं ही पट्टी म्हणजे तरफ, हा खिळा म्हणजे टेकू, डबा म्हणजे भार, तू ओढते ते बल. ती म्हणे, मामा हे तर पुस्तकात आहे! भार गुणिले भारभुजा (टेकूपासून भारापर्यंतचं अंतर) बरोबर बल गुणिले बलभुजा (टेकूपासून बलापर्यंतचं अंतर), हे तिनं वर्षभर पाठ केलं होतं, ते त्या दिवशी बोटाला कळलं. डबा तिप्पट उडायला पाहिजे तर ओढायला तिप्पट जोर. पहारीनं दगड उलथवताना हेच उलटं, तिथं आपली भुजा लांब म्हणून जोर कमी लागतो पण हात बराच खाली न्यावा लागतो. फुकट काहीच मिळत नाही, एकीकडं वाचलं की दुसरीकडं द्यावं लागतं.

(तिसऱ्या दिवशी कावळे त्या आवाजाला सरावले. आता ती पुढच्या उन्हाळ्यासाठी चमकीचा कागद लावायचं म्हणतेय.)

तुमच्या कट्ट्याचं म्हणाल तर ओटा दीड फूट धरा. आधी त्याला दोन फुटाच्या फळीवरून ढकलू द्या, मग साडेचार फुटाच्या. लांब फळी ओट्याच्या उंचीच्या तिप्पट, म्हणून तिच्यावर हिशोबानं १० किलोचाच जोर लागायला हवा पण लागेल बराच जास्त, कारण पोतं फळीला घासतं. कट्ट्याखाली पाइपाचे गोल तुकडे टाकायचं त्याचं त्याला सुचू द्या, आणि तो ढकलत असताना तुम्ही खालच्या बाजूला उभ्या राहू नका.

प्रश्न : मी शहादा तालुक्यात जि.प. शाळेवर आहे. वर्गात ३८ मुलं, प्रयोगशाळा नाही, निधीचं तर बोलूच नका. एवढ्या मुलांकडून काय बनवून घेणार?
— एक शिक्षक

उत्तर : सर, पाच-सहा जणांचे गट करा आणि प्रत्येक गटाला एकच रबर, एक पट्टी आणि चाकांची एक खेळण्यातली गाडी द्या. गाडी रबराला लटकवली तर रबर किती ताणतं ते मोजायचं, मग पाटी तिरपी ठेवून तिच्यावरून ओढताना किती ताणतं ते मोजायचं, मग पाटी अजून आडवी करून परत. एवढ्यात उतरण, म्हणजे तिरप्या फळीचं साधं यंत्र, शिकवून झालं. स्क्रूला तर वहीचा कागद पुरे, काटकोन त्रिकोण कापा, तिरप्या कडेला रंग द्या आणि पेन्सिलीभोवती गुंडाळा, रंगाची रेघ गोल गोल वर चढत जाते तेच स्क्रूचे आटे. पोरं जागेवरच म्हणतात, सर हा तर घाट झाला! पैशाचं म्हणाल तर टाकाऊतून खेळणी करून विज्ञान शिकवणाऱ्या अरविंद गुप्तांनी आगकाड्या आणि सायकलची व्हॉल्व ट्यूब एवढ्यावर पोरांना किती आकार करून दाखवले, २०१८ ला पद्मश्री मिळाली त्यांना. कृपा करून प्रदर्शनासाठी थर्माकोलची तरफ मात्र करून घेऊ नका, ती काहीच उचलत नाही आणि बहुतेक ती पालकांनीच केलेली असते.

प्रश्न : आमच्या मळ्यात पूर्वी बैलांनी विहिरीतून पाणी ओढायची मोट होती. मी नातवाला सांगितलं की विहिरीवरच्या चाकामुळे पाण्याचं वजन निम्मं व्हायचं. तो म्हणतो आजोबा चूक. खरं काय?
— यावलचे एक आजोबा

उत्तर : बाबा, नातू बरोबर आहे, पण पूर्ण नाही. वर पक्की बसवलेली एकच कप्पी वजन कमी करत नाही, फक्त दिशा बदलते, वर ओढायच्या ऐवजी आडवं ओढता येतं. निम्मं करायचं तर कप्पी बादलीलाच बांधून दोराचं एक टोक वर अडकवावं लागतं आणि मग ४० फूट खोल विहिरीला ८० फूट दोर ओढावा लागतो.

पण मोटेतली खरी अक्कल धावेत होती, ते पुस्तकात फारसं कोणी लिहीत नाही. धाव म्हणजे विहिरीपासून बैलांची वाट, ती उतरती केलेली असायची, नाडा (मोटेचा दोर) ओढताना बैल खाली उतरायचे म्हणजे त्यांचं स्वतःचं वजनही ओढायला लागायचं, आणि मोकळी मोट खाली सोडत चढावर मागं यायचे. म्हणजे एका मोटेत कप्पी आणि उतरण दोन्ही. नातवाला धाव दाखवायला न्या, कुठंतरी बांधावर तिचा उतार अजून दिसत असेल, आणि जाताना एक रीळ, दोरा न छोटी डबी घेऊन जा, तिथंच बसून करा.