कॅटला ९४ पर्सेंटाइल आहेत, नोकरी सोडून पुन्हा द्यावी का?

तुम्ही दिलेले आकडे असे आहेत: कॅट २०२४ मध्ये (ही आयआयएमसारख्या संस्थांच्या एमबीए प्रवेशाची परीक्षा) एकूण ९४.२ पर्सेंटाइल; व्हर्बल म्हणजे इंग्रजीत ९४, डीआयएलआर म्हणजे माहिती-विश्लेषण आणि तर्कात ९१, क्वांट म्हणजे गणितात ८१. क्वांटमध्ये आठ प्रश्न सोडवले, पाच बरोबर, तीन चूक. दहावी ९१ टक्के, बारावी ७८, इंजिनिअरिंग, ओपन, पुण्यात आयटीत चौदा महिने नोकरी.

माझं मत: परत द्या, पण नोकरी सोडू नका. मात्र त्याआधी एक शनिवार-रविवार खर्च करून खाली सांगतो ती तपासणी करा. ती उलटी निघाली तर माझं मतही बदलेल.

आधी अंतर किती आहे ते बघा. २०२४ ला साधारण २.९३ लाख जणांनी परीक्षा दिली. ९४.२ म्हणजे तुमच्यापुढे सतरा हजार मुलं, आणि ९९ म्हणजे जेमतेम तीन हजार. गुणांत बोलायचं तर पेपरच्या काठिण्यानुसार हे अंतर वीस ते तीस गुणांचं असतं. एका बरोबर उत्तराला ३ गुण, म्हणजे सात ते दहा प्रश्न जास्त बरोबर यायला हवेत. ते कुठून येणार, एवढाच खरा प्रश्न आहे.

आता तुमची रिस्पॉन्स शीट, म्हणजे तुम्ही दिलेल्या उत्तरांची प्रत घ्या. क्वांटचे न सोडवलेले चौदा आणि चुकलेले तीन, असे सतरा प्रश्न वहीत उतरवा. वेळेचं बंधन ठेवू नका, उत्तरं झाकून ठेवा आणि एकेक सोडवा. जो सुटला त्याच्यापुढे लागलेली मिनिटं लिहा. तीन मिनिटांच्या आत सुटलेले प्रश्न सहा किंवा जास्त निघाले, तर तुमचं गणित ठीक आहे आणि घोळ निवडीत आहे: तुम्ही एखाद्या अवघड प्रश्नाशी झुंजत बसलात आणि सोपे प्रश्न पुढे तसेच राहिले. हे मॉक, म्हणजे सराव परीक्षा देऊन सुधारतं. दहा-बारा मिनिटं घेऊन सुटलेले जास्त असतील तर सराव कमी आहे, आणि तोही सहा महिन्यांत होतो. पण वेळ कितीही घेऊन सतरापैकी तीन-चारच सुटले, तर पाया कच्चा आहे. मग अंकगणित आणि बीजगणित शाळेच्या पुस्तकापासून काढावं लागेल. तशी तयारी नसेल तर परत बसण्यात अर्थ नाही. पुढच्या नोव्हेंबरातल्या कॅटलाही असाच निकाल लागतो.

त्या चौदात टायटा, म्हणजे उत्तर टाइप करायचे प्रश्न किती होते तेही मोजा. त्यांना निगेटिव्ह नाही. शेवटच्या दोन मिनिटांत अंदाजाने का होईना, तिथे काहीतरी भरायला हवं होतं. उलट पर्यायवाल्या तीन चुकांनी तुमचा एकेक गुण गेला: पंधराचे बारा झाले. क्वांटमध्ये या पातळीवर प्रत्येक बरोबर उत्तर पर्सेंटाइल झपाट्याने वर नेतं. म्हणून मला तुमच्या केसमध्ये आशा वाटते. हाच ८१ व्हर्बलमध्ये असता तर मी इतक्या सहज ‘द्या’ म्हटलं नसतं. वाचनाची सवय लागायला वेळ लागतो आणि तिथले गुण फार सावकाश वाढतात.

दुसरी गोष्ट कडू आहे. बारावीचे ७८ टक्के आता बदलणार नाहीत. अहमदाबाद, बंगळूर, इंदूर इथल्या आयआयएम दहावी-बारावीच्या गुणांनाही वजन देतात. प्रत्येक आयआयएम प्रवेशाचे निकष आपल्या साइटवर टाकते. ती पीडीएफ उघडा आणि कॅटच्या जागी ९८ टाकून स्वतःची बेरीज करून बघा. जिथे ९९.५ टाकूनही आकडा तोकडा पडतो ते नाव यादीतून काढा. बहुतेक ठिकाणी विभागवार कटऑफही असतो, त्यामुळे एकूण ९७ झाले तरी क्वांट अडकलं की मुलाखतीचा कॉल येत नाही. काही नवी आयआयएम एकत्रित प्रक्रियेने, ज्याला कॅप म्हणतात, मुलाखतीला बोलावतात. तुमच्यासाठी खरी स्पर्धा तिथे आहे.

नोकरीबद्दल. क्वांट रोज दोन तास आणि शनिवार-रविवारी मिळून आठ तास, एवढं दहा महिने नेटाने केलं तर पुरतं. नोकरी सोडून दिवसाला दहा तास बसलात तरी चौथ्या तासानंतर डोकं चालत नाही, आणि मुलाखतीत त्या मोकळ्या वर्षाचा जाब द्यावा लागतो. नोकरीत राहिलात तर प्रवेशाच्या वेळी अडीच वर्षांचा अनुभव होईल, आणि अनुभवाला बऱ्याच संस्था गुण देतात. घरच्यांना हेच पटवून सांगा.

जुलैपासून आठवड्याला एक मॉक पुरे. मॉक दोन तासांचा, पण त्याच्या विश्लेषणाला तीन तास ठेवा. क्लासवाले चाळीस-पन्नास मॉक देतात. ते सगळे देऊन एकही नीट न तपासणारी मुलं नेहमी त्याच आकड्यावर अडकलेली असतात.

आणि नोव्हेंबरची वाट बघत बसण्याआधी यंदाची सीईटी, म्हणजे महाराष्ट्राची एमबीए प्रवेश परीक्षा, द्याच. २०० प्रश्न, १५० मिनिटं, निगेटिव्ह नाही. प्रश्नाला ४५ सेकंद मिळतात, त्यामुळे इथे वेग लागतो, आणि गणित कॅटपेक्षा सोपं असतं. तुमच्यासारख्या व्हर्बल बरं असलेल्या मुलाला ती मानवू शकते. मुंबईच्या जमनालाल बजाज संस्थेला ९९.९ च्या आसपास लागतात, पण सिडनहॅमची सिमश्री आणि पुणे विद्यापीठाची पुम्बा याही कमी शुल्काच्या चांगल्या जागा आहेत. तिथे लागलं तर कॅट परत देण्याचा प्रश्नच मिटला.

नाही लागलं, तर ऑगस्टअखेर एक हिशोब करा. शेवटच्या तीन मॉकमध्ये क्वांटचे गुण वीसच्या वर गेले नसतील, तर कॅटसोबत एनमॅट आणि स्नॅप या खासगी संस्थांच्या एमबीए प्रवेश परीक्षांचेही फॉर्म भरा. दोन्ही परीक्षा एकाच हंगामात एकाहून जास्त वेळा देता येतात, आणि स्नॅपमध्ये सगळ्यात चांगला स्कोअर धरतात. सिम्बायोसिसच्या एसआयबीएम पुणेचा प्रवेश स्नॅपवरच आहे.