'प्रीपोन' चालेल का, आणि 'ब्रिंग फॉरवर्ड' म्हणजे नक्की कुठे?

गुरुवारचा कॉल मंगळवारी घ्यायचा आहे, तर लंडनच्या क्लायंटला 'प्रीपोन' लिहावं की 'ब्रिंग फॉरवर्ड', हा तुमचा प्रश्न.

'प्रीपोन' चुकीचा शब्द नाही. ऑक्सफर्ड आणि मेरियम-वेब्स्टर दोन्हींच्या शब्दकोशांत तो भारतीय वापराचा म्हणून दिलेला आहे. भारतातल्या टीमला बिनधास्त लिहा. लंडनचा माणूस अडखळेल, कारण त्याच्या रोजच्या बोलण्यात हा शब्द नसतो. वापरताना दोन गोष्टी सांभाळा. 'द मीटिंग हॅज प्रीपोन्ड' असं होत नाही, 'हॅज बीन प्रीपोन्ड' लागतं. मीटिंग स्वतःहून अलीकडे येत नाही, कुणीतरी आणतं. आणि किती दिवसांनी ते सांगायला 'बाय टू डेज', नवा वार सांगायला 'टू ट्यूजडे'.

लंडनसाठी 'ब्रिंग फॉरवर्ड'च योग्य, पण मराठी माणूस नेमका इथेच फसतो. 'फॉरवर्ड' म्हणजे पुढे, म्हणून आपण 'पुढे ढकलली' असं धरतो. अर्थ बरोब्बर उलटा आहे: 'ब्रिंग फॉरवर्ड' म्हणजे अलीकडे घेणं. पुढे ढकलायला 'पुश बॅक' किंवा 'पुट बॅक', म्हणजे तिथे चक्क 'बॅक'! अमेरिकन लोक अलीकडे घेण्याला 'मूव्ह अप' म्हणतात. 'मूव्ह फॉरवर्ड' मात्र टाळाच. बुधवारची मीटिंग दोन दिवस 'मूव्ह्ड फॉरवर्ड' झाली असं सांगितलं, तर जन्माने इंग्रजी बोलणाऱ्यांतही काही जण सोमवार म्हणतात, काही शुक्रवार.

'पोस्टपोन' सरळ आहे, फक्त त्याच्यामागे 'टू गो' नको, 'गोइंग' हवं. बाकी 'कॅन्सल' आणि 'कॉल ऑफ' म्हणजे रद्दच.

'अ‍ॅडजर्न' वेगळं. सुरू झालेलं कामकाज थांबवून नंतर चालू करणं, म्हणजे तहकूब. सोसायटीच्या नोटिशीत 'गणसंख्येअभावी सभा अर्धा तास तहकूब' असतं ना, तिथे 'पोस्टपोन्ड' लिहू नये. कोर्टात पुढची तारीख पडते, तेही 'अ‍ॅडजर्न'च.

तुमच्या मेलमध्ये क्रियापदाच्या भरवशावर राहू नका, जुना आणि नवा वार तारखेसकट लिहा: 'कॅन वी ब्रिंग द कॉल फॉरवर्ड फ्रॉम थर्सडे द ट्वेल्फ्थ टू ट्यूजडे द टेन्थ, टेन एएम लंडन टाइम?' 'लंडन टाइम' गाळू नका. आपण त्यांच्या हिवाळ्यात साडेपाच तास पुढे असतो, उन्हाळ्यात साडेचार. होकार आला की कॅलेंडरमधलं जुनंच निमंत्रण उघडून वेळ बदला. ते डिलीट करून नवं पाठवलंत, तर समोर आधी रद्द झाल्याची सूचना जाते, आणि घाईतला माणूस तेवढीच वाचतो.