हौशी गेमिंग स्पर्धेत एखाद्या मुलीने नावाजलेल्या खेळाडूविरुद्ध तक्रार केली, तर निर्णय कोणी घ्यावा?

आपल्या गटातील मुलीने अश्लील शेरेबाजीची तक्रार केली आहे, आयोजक त्याच खेळाडूचे मित्र आहेत, आणि मुलींची स्पर्धा वेगळी काढावी असे काहींचे म्हणणे आहे, असे आपण लिहिले आहे. मी स्वतः कोथरूडमध्ये फायटिंग गेमच्या, म्हणजे समोरासमोर लढतीच्या व्हिडिओ गेमच्या, स्पर्धा भरवते. माझे मत स्पष्ट आहे: जो ब्रॅकेट, म्हणजे कोणाचा सामना कोणाशी हे, लावतो, त्याने तक्रारीचा निवाडा करू नये, कारण नावाजलेले खेळाडू आले तरच त्याची स्पर्धा भरते.

2012 साली कॅपकॉम या गेम कंपनीच्या ‘क्रॉस असॉल्ट’ या स्पर्धात्मक कार्यक्रमात प्रशिक्षकाने आपल्याच संघातील महिला खेळाडूला थेट प्रक्षेपणात त्रास दिला आणि हा आपल्या समुदायाच्या संस्कृतीचाच भाग असल्याचे समर्थनही केले. अखेर स्पर्धा सोडावी लागली ती तिलाच. 2020 मध्ये तर ‘ईव्हो’ या फायटिंग गेमच्या मोठ्या जागतिक स्पर्धेच्या प्रमुखावरच लैंगिक गैरवर्तनाचे आरोप झाले आणि त्या वर्षीची ऑनलाइन स्पर्धा रद्द झाली.

म्हणून तीन-चार जणांची समिती नेमावी, तिच्यात दोघांशीही संबंध नसलेली, शक्यतो गटाबाहेरची एक व्यक्ती असावी आणि स्त्रिया एकापेक्षा अधिक असाव्यात. एकाच मुलीला समितीत घेतले, की सगळ्यांच्या तक्रारी तिच्याच गळ्यात पडतात आणि मग तीही खेळायला येईनाशी होते. हे मी फार जवळून पाहिले आहे. समितीच्या हाती प्रवेश नाकारणे आणि डिस्कॉर्ड या चॅट अॅपवरील गटातून काढणे एवढेच आहे. तक्रारदार अठरा वर्षांखालील असेल आणि प्रकार लैंगिक गुन्ह्याचा असेल, तर 2012 च्या पॉक्सो कायद्याच्या कलम 19 नुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. तेथे आपसात मिटवण्याचा प्रश्नच येत नाही. ती सज्ञान असेल, तर पोलिसांकडे जायचे की नाही हे तिने ठरवावे, आणि तडजोडीसाठी कोणीही तिच्या मागे लागू नये.

मुलींची वेगळी स्पर्धा नवख्या खेळाडूंना धीर देते, हे खरे. परंतु तक्रारीनंतर तो मुख्य स्पर्धेत आणि ती वेगळ्या स्पर्धेत अशी वाटणी झाली, तर शिक्षा तिलाच झाली.

बंदीची मुदत आणि परतीच्या अटी लेखी ठेवून, तक्रारदाराचे नाव गुप्त राखून, तेवढाच निर्णय शहरातील इतर आयोजकांना कळवावा, नाहीतर कोथरूडमध्ये अडवलेला खेळाडू पुढच्या रविवारी विमाननगरमध्ये खेळताना दिसेल. निर्णय होईपर्यंत त्याला पुढील स्पर्धेत उतरवू नका आणि भरलेले प्रवेशशुल्क परत करा.