वाचकांचे प्रश्न : ‘मी चॅटमध्ये लिहिलं होतं, पण कुणी वाचलंच नाही’

गेल्या काही आठवड्यांत या पानाकडे एकाच विषयाच्या बऱ्याच मेल आल्यात, ऑनलाइन टीम सिम्युलेशनच्या. म्हणजे चार-पाच जणांची टीम, प्रत्येकजण आपापल्या घरी लॅपटॉपसमोर, एका खिडकीत झूम आणि दुसऱ्या खिडकीत खेळ, आणि दर फेरीला सगळ्यांनी मिळून काहीतरी ठरवायचं. एमबीएला आता याला मार्क असतात, कंपन्यांच्या ट्रेनिंगमध्येही आलंय. मी स्वतः असे सेशन घेते म्हणून ही पत्रं माझ्याकडे आली. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, त्यातली सहा घेते.

प्रश्न : आमच्याकडे एव्हरेस्टचं सिम्युलेशन झालं, पाच जणांत मला डॉक्टरचा रोल होता. मधल्या एका फेरीत एका मेंबरच्या तब्येतीबद्दल माझ्या स्क्रीनवर काहीतरी आलं, बाकीच्यांना ते दिसत नसावं. मला इंग्लिशमध्ये पटकन बोलायला जमत नाही म्हणून मी चॅटमध्ये टाकलं, पण सगळे हवामानावर बोलत होते, लीडर म्हणाला चला वर, मग मी पण क्लिक केलं. पुढे त्या मेंबरला रेस्क्यू करावं लागलं आणि आमचे पॉइंट गेले. आता सगळे म्हणतात तू बोलली का नाहीस. पण मी लिहिलं होतं! – एमबीए पहिलं वर्ष, सांगली

लिहिलं होतंस, हे आधी मान्य करते, आणि ते बाकीच्या चौघांनीही मान्य करायला हवं.

आता हा खेळ कसा रचलाय ते बघ, म्हणजे तुझ्या मनावरचं ओझं थोडं उतरेल. हार्वर्ड बिझनेस स्कूलसाठी मायकेल रॉबर्टो आणि एमी एडमंडसन या दोन प्राध्यापकांनी तो केला. लीडर, डॉक्टर, फोटोग्राफर, मॅरेथॉन धावणारा आणि पर्यावरणवाला असे पाच रोल, काही माहिती सगळ्यांना सारखी आणि काही फक्त एकेकाला, वर प्रत्येकाची उद्दिष्टं पण वेगळी आणि त्यातली काही एकमेकांच्या आड येणारी. हे मुद्दाम केलंय. डोंगर चढणं हे निमित्त आहे, खरी परीक्षा पाच ठिकाणी वाटलेली माहिती एका जागी येते की नाही याची असते.

आणि ती सहसा येत नाही! १९८५ मध्ये स्टॅसर आणि टायटस या दोन मानसशास्त्रज्ञांनी हे प्रयोग करून दाखवलं होतं. विद्यार्थ्यांच्या छोट्या गटांना निवडणुकीतल्या तीन काल्पनिक उमेदवारांमधून एक निवडायचा होता, सगळी माहिती सगळ्यांना दिली की बहुतेक गट योग्य उमेदवार निवडायचे, पण त्याच उमेदवाराचे चांगले मुद्दे वेगवेगळ्या मेंबरमध्ये वाटून टाकले की बोलून बोलून पण गट चुकायचे, कारण चर्चा फिरत राहायची ती सगळ्यांना आधीच माहीत असलेल्या गोष्टींभोवती. मी दर सेशनला हेच बघते. कुणी हवामानाचं बोललं की बाकीचे लगेच ‘हो हो माझ्याकडे पण तेच आहे’ म्हणतात आणि तो मुद्दा पक्का होतो. तुझ्या मुद्द्याला मान डोलवणारं कुणी नव्हतंच, कारण तो फक्त तुझ्याकडे होता. म्हणजे जी गोष्ट सगळ्यात मोलाची तीच सगळ्यात एकटी पडते.

म्हणून पुढच्या वेळी एक वाक्य तयार ठेव आणि मोठ्याने म्हण, मराठीत म्हटलंस तरी चालेल, टीम आपलीच आहे : ‘थांबा, माझ्याकडे असं काहीतरी आलंय जे तुमच्या स्क्रीनवर नाहीये.’ चॅटवर टाकलेलं वाहून जातं गं, विशेषतः फेरीची वेळ संपत आलेली असताना. आणि उत्तर मिळेपर्यंत क्लिक करू नकोस. तुझ्या पत्रात मी जिथे थांबले ते वाक्य हेच होतं, ‘मग मी पण क्लिक केलं’. तुझी चूक म्हणायची तर एवढीच.

‘बोलली का नाहीस’ म्हणणाऱ्या चौघांसाठी पण एक गोष्ट. याच एडमंडसनबाईंनी हॉस्पिटलमधल्या टीमचा अभ्यास केला होता, त्यांना वाटलं होतं की चांगल्या टीमकडून औषधं देताना कमी चुका होत असतील, पण आकडे आले उलटे, चांगल्या टीमच्या चुका जास्त दिसत होत्या. नंतर कळलं की त्या टीममध्ये माणसं चुका लपवत नव्हती, बोलून दाखवत होती. बोलणाऱ्याला भीती वाटणार नाही असं वातावरण, यावर त्यांचा १९९९ चा पेपर आहे आणि आज जगभर त्याचा दाखला देतात. तुमच्या टीममध्ये एका मुलीला चॅटमध्ये लिहावंसं वाटलं आणि बोलावंसं वाटलं नाही, तर त्याचं उत्तर पाचही जणांनी शोधायचंय.

प्रश्न : मी टीम लीडर होतो, बाकी सगळे ऑफिसमधलेच ज्युनियर. मी काही विचारलं की सगळे ‘येस सर’. निकाल वाईट आला. त्यांना बोलतं कसं करू? – नागपूर

तुम्ही तुमचं मत आधी सांगितलंत का? पत्रात लिहिलेलं नाही पण मला वाटतं सांगितलं असणार, बहुतेक लीडर सांगतात आणि मग विचारतात ‘काय वाटतं?’. आपल्याकडे सरांनी एकदा म्हटलं की विषय संपतो, त्यात त्या पोरांचा दोष नाही.

चंद्रावरचा जुना खेळ माहीत असेल, यान भलतीकडे उतरलंय, मुख्य यान २०० मैलांवर आहे आणि तिथवर पोचायला कोणती जास्त गरजेची असा १५ वस्तूंचा क्रम लावायचाय. त्यात नियम असा की आधी प्रत्येकाने एकट्याने क्रम लिहायचा, मगच टीमने. नासाच्या उत्तरात ऑक्सिजन पहिला, पाणी दुसरं आणि काडेपेटी शेवटची, कारण चंद्रावर हवाच नाही तर काडी पेटणार कशी. होकायंत्र पण खाली चौदावं. आणि बहुतेक वेळा टीमचा क्रम हा एकेकट्याच्या सरासरी क्रमापेक्षा चांगला निघतो, पण त्यासाठी ते एकट्याने लिहिणं हवंच, कागदावर उतरलेलं मत ‘सर’ बोलले म्हणून पुसलं जात नाही. तुम्ही तेच करा. दर फेरीला पहिली तीन मिनिटं कुणी मत द्यायचं नाही, प्रत्येकाने फक्त आपल्या स्क्रीनवर काय आहे ते वाचून दाखवायचं आणि एकाने ते शेअर केलेल्या शीटवर टाकायचं. मग मतं, सगळ्यात ज्युनियरपासून सुरू. तुम्ही शेवटी.

प्रश्न : या खेळांची उत्तरं नेटवर मिळतात का? – नाव नको

काही मिळतात. बघू नका. ज्याने उत्तर वाचलंय तो टीमला ओढत नेतो आणि बाकीच्या चौघांचा तो दीड तास फुकट जातो, मला याचं फार वाईट वाटतं. नियमांची सूचना मात्र दोनदा वाचा, निम्म्या टीम ती वाचतच नाहीत.

प्रश्न : मी चाकणला पार्ट्स बनवणाऱ्या कंपनीत प्लॅनिंगला आहे. ट्रेनिंगमध्ये आम्हाला बिअर गेम ऑनलाइन खेळायला लावला, मी फॅक्टरी होतो. ऑर्डर कधी शून्य कधी पन्नास, मी वैतागलो, शेवटी माल पडून राहिला. आम्ही सगळे म्हणत होतो गिऱ्हाईकच वेडं आहे. मग ट्रेनरने दाखवलं की गिऱ्हाईकाची ऑर्डर फक्त एकदाच बदलली होती, ४ ची ८ झाली आणि तिथेच राहिली. मला ते अजून पटत नाहीये. – चाकण

पटवून घ्या, खरं आहे ते. रिटेलर, होलसेलर, डिस्ट्रिब्युटर आणि फॅक्टरी अशी बिअर पोचवणाऱ्या चौघांची साखळी असलेला हा खेळ अमेरिकेतल्या एमआयटीत जे फॉरेस्टर यांच्या गटाने १९६० च्या सुमारास काढला आणि तेव्हापासून असंख्य लोकांनी हेच केलंय जे तुम्ही केलंत.

झालं असं असणार बघा. रिटेलरकडे ८ मागायला लागले, त्याचा साठा संपत आला, त्याने जास्त मागवलं, माल यायला लागतात काही आठवडे, पुढच्या आठवड्यात आला नाही म्हणून त्याने परत मागवलं, आधी मागवलेला वाटेत आहे हे तो विसरला. होलसेलरला वाटलं मागणी वाढली, त्याने वर थोडी जादा भर घालून मागवलं, डिस्ट्रिब्युटरने तसंच, आणि तुमच्यापर्यंत ४ चं काय होऊन पोचलं ते तुम्ही बघितलंच. मग सगळा माल एकदम आला आणि सगळ्यांनी ऑर्डर बंद केल्या. एमआयटीतल्याच जॉन स्टर्मन यांनी १९८९ मध्ये या खेळाचे हिशेब मांडले, एका पेटीला आठवड्याला साठ्याचा अर्धा डॉलर आणि तुटवड्याचा एक डॉलर असा खर्च धरून, तर टीमचा सरासरी खर्च साध्या हिशेबाने खेळल्यावर येणाऱ्या खर्चाच्या सुमारे दहापट निघाला. शहाणी माणसं होती ती.

आपल्याकडे कांद्याचं असंच होतं ना, भाव चढला की सगळे लावतात, पीक हातात यायला काही महिने, आणि मग सगळ्यांचा कांदा लासलगावला एकाच वेळी. त्यात कुणी एकटा शेतकरी चुकलेला नसतो, त्याला शेजारच्या तालुक्यात काय लावलंय तेच कळत नाही.

या खेळात चौघांना एकमेकांशी बोलायला बंदी असते, गिऱ्हाईकाची खरी ऑर्डर फक्त रिटेलरला दिसते. सांगलीच्या मुलीचंच दुखणं, फक्त इथे नियमानेच तोंड बांधलेलं. पण चाकणला तुमचं तोंड कुणी बांधलेलं नाही. तुमच्या कस्टमरच्या प्लॅनिंगवाल्याला दर सोमवारी एक फोन करा आणि ऑर्डर किती हे विचारू नका, पुढे त्यांच्याकडून खरंच किती जातंय आणि वाटेत किती आहे ते विचारा.

प्रश्न : मी सह्याद्रीत ट्रेक लीड करतो. एव्हरेस्टचा खेळ ऑफिसात खेळलो, पण खरं सांगू का, स्क्रीनवर कुणी मरत नाही, मग त्यातून काय कळणार? – पुणे

तुमची शंका मला पण पहिली काही वर्षं होती. भीती, थंडी, दमलेलं शरीर यातलं काही स्क्रीनवर येत नाही, ते खरंय. पण १९९६ च्या मे महिन्यात एव्हरेस्टवर खरोखर काय झालं ते बघा. रॉब हॉल आणि स्कॉट फिशर, दोघेही अनुभवी गाईड, दोघांच्या टीम १० मेला शिखराकडे निघाल्या. दुपारी फार तर दोनपर्यंत पोचला नाहीत तर मागे फिरायचं असं बोलणं झालेलं होतं, आणि दोन वाजून गेले तरी माणसं चढतच होती. हॉलच्या टीममधल्या एकाला आदल्या वर्षी शिखराच्या जवळून परत फिरवलं होतं, तो या वेळी चारच्या सुमारास पोचला, हॉल त्याच्याबरोबर थांबला. संध्याकाळी वादळ आलं. दोन्ही लीडर गेले, आणि त्याच वादळात उत्तरेच्या बाजूने चढणारे आपल्या आयटीबीपीचे, म्हणजे भारत-तिबेट सीमा पोलीस दलाचे, तीन जवान पण गेले. एकूण आठ माणसं.

हॉलने आधीच बजावलं होतं म्हणतात की वर माझा शब्द शेवटचा. मागे फिरायची वेळ ठरलेली होती पण ती आठवण करून द्यायचा हक्क कुणाला दिलेला नव्हता, मला तरी ते असंच दिसतं. आणि हे स्क्रीनवर हुबेहूब घडतं, तिथे मरण नसूनही! पाच दिवस चढलोय, आता एकच कॅम्प राहिलाय, कोण थांबणार. म्हणून मी खेळ सुरू व्हायच्या आधी टीमकडून लिहून घेते, काय झालं तर थांबायचं आणि ते म्हणायचं काम कुणाचं, आणि ते लीडरचं नाव असू नये. तुम्ही पुढच्या ट्रेकला, पावसाळ्यात विशेषतः, हे एकदा करून बघा आणि मला कळवा, माझ्याकडे डोंगरावरचा अनुभव नाही.

प्रश्न : मधेच नेट गेलं तर? – रत्नागिरी

सुरुवातीलाच एका मेंबरला तुमचा फोन नंबर द्या आणि तुमच्या रोलला आलेली माहिती दर फेरीला हाताने वहीत उतरवून ठेवा. नेट गेलं की फोन लावायचा आणि वहीतून वाचून दाखवायचं.