वाचकांचे प्रश्न : विरघळणारा पेसमेकर, बोटावरचा ऑक्सिजन आणि मनगटावरची साखर

प्रश्न : हृदयाचे ठोके मंदावल्यामुळे माझ्या वडिलांना नऊ वर्षांपूर्वी पेसमेकर बसवला. बॅटरी संपत आल्याने तो आता बदलावा लागेल, असे डॉक्टर म्हणतात. तांदळाच्या दाण्याहून लहान आणि काम झाल्यावर शरीरातच विरघळून जाणारा पेसमेकर निघाल्याचे माझ्या वाचनात आले. पुन्हा छेद घेण्यापेक्षा तो बसवता येईल का? वडिलांचे बंदरावर होड्यांच्या इंजिनदुरुस्तीचे दुकान आहे आणि तेथे वेल्डिंगही चालते. त्यापासून काही धोका आहे का?
— एक वाचक, देवगड तालुका

उत्तर : आपण वाचलेली बातमी खरी आहे, परंतु ते संशोधन ज्या रुग्णांसाठी चालले आहे त्यांत आपले वडील बसत नाहीत. अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात जॉन रॉजर्स आणि इगोर एफिमोव यांच्या गटाने हा पेसमेकर तयार केला आणि एप्रिल २०२५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात त्याची माहिती प्रसिद्ध केली. त्याची रुंदी १.८ मिलिमीटर, लांबी ३.५ मिलिमीटर आणि जाडी १ मिलिमीटर आहे. आपल्याकडच्या उकड्या तांदळाच्या दाण्यापेक्षाही तो लहान भरेल आणि इंजेक्शनच्या सिरिंजच्या टोकातून आत सोडता येईल. तो मुख्यतः नवजात बाळांच्या विचाराने घडवलेला आहे. साधारण शंभरांतील एक बाळ हृदयाचा काही ना काही दोष घेऊन जन्माला येते, आणि त्यांतील ज्यांच्यावर शस्त्रक्रिया करावी लागते त्यांच्या हृदयाला नंतरचे काही दिवस विजेचा आधार लागू शकतो. आज तो आधार हृदयाला टाके घालून जोडलेल्या आणि छातीतून बाहेर काढलेल्या वायरींनी दिला जातो. काम संपले की त्या वायरी ओढून काढाव्या लागतात, आणि त्या वेळी कधी कधी हृदयाच्या ऊतीला इजा होते. चंद्रावर पहिले पाऊल ठेवणारे नील आर्मस्ट्राँग यांना २०१२ मध्ये हृदयशस्त्रक्रियेनंतर अशाच वायरी काढल्यावर अंतर्गत रक्तस्राव झाला आणि त्यातून ते वाचले नाहीत. जी वस्तू काढावीच लागत नाही, तिच्या काढण्यात इजाही होत नाही, हा या संशोधनामागचा विचार मला फार मोलाचा वाटतो.

हा पेसमेकर चालतो कसा, हे कोकणातील वाचकाला समजावणे सोपे आहे. समुद्रात जाणाऱ्या ट्रॉलरच्या पंख्याजवळ जस्ताचे तुकडे बसवलेले आपण पाहिले असतील. दोन वेगळे धातू खाऱ्या पाण्यात एकमेकांना जोडलेले राहिले की त्यांच्यात विजेचा प्रवाह सुरू होतो आणि त्यांतील एक धातू झिजू लागतो. पंखा झिजू नये म्हणून जस्ताला मुद्दाम झिजायला लावतात. या पेसमेकरमध्ये तीच क्रिया उपयोगाला आणली आहे. त्याच्यावर दोन भिन्न धातूंचे इलेक्ट्रोड आहेत आणि शरीरातील द्रव त्यांच्यामधल्या खाऱ्या पाण्याचे काम करतो, त्यामुळे वेगळी बॅटरी लागतच नाही. छातीवर चिकटवलेली एक मऊ पट्टी ठोके ऐकत असते. ठोका चुकला असे तिच्या लक्षात आले की ती डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाचा झोत त्वचेतून आत सोडते, आणि आतले प्रकाशाला प्रतिसाद देणारे स्विच त्या झोताने चालू होऊन हृदयाला विजेचा हलका धक्का मिळतो. याच गटाचा २०२१ मधील विरघळणारा पेसमेकर बाहेरून रेडिओलहरींनी वीज घेत असे. त्यासाठी त्याला अँटेना लागे, आणि त्या अँटेनामुळेच त्याचा आकार कमी करता येत नव्हता. अँटेनाच्या जागी प्रकाश आल्यावर हे लहान रूप शक्य झाले.

उंदीर, घुशी, डुकरे आणि कुत्रे यांच्यावर, तसेच अवयवदात्यांच्या हृदयांवर त्याची चाचणी झालेली आहे. त्या प्रयोगांतून रुग्णालयातील खाटेपर्यंतची वाट अजून बाकी आहे. शिवाय आपल्या वडिलांच्या हृदयाला मिळणारा आधार कायमचा हवा आहे, आणि विरघळून जाणारी वस्तू त्यांच्यासाठी धोक्याची ठरेल. त्यांच्याबाबत डॉक्टरांना विचारण्याजोगा प्रश्न निराळा आहे, तो म्हणजे वायरविरहित पेसमेकरचा. औषधाच्या मोठ्या कॅप्सूलएवढे, सुमारे २ ग्रॅम वजनाचे हे उपकरण जांघेतील रक्तवाहिनीतून थेट हृदयात नेऊन बसवतात, आणि २०१६ पासून अमेरिकेत त्याला मान्यता आहे. परंतु जुन्या वायरी चांगल्या स्थितीत असतील, तर कॉलरच्या हाडाखालची डबी तेवढी बदलणे हीच बहुधा सोपी आणि कमी जोखमीची शस्त्रक्रिया असते. बॅटरी टायटॅनियमच्या बंद डबीत असल्यामुळे ती सुटी बदलता येत नाही, म्हणून पूर्ण डबीच बदलावी लागते. या बदलाची धास्ती आपल्या वडिलांनी मनात धरू नये, यासाठी एक जुनी हकिकत सांगतो. जगात शरीरात पेसमेकर बसवून घेणारे पहिले रुग्ण, स्वीडनमधील आर्ने लार्सन, यांचे पहिले उपकरण ऑक्टोबर १९५८ मध्ये काही तासांतच बंद पडले होते. पुढच्या आयुष्यात त्यांनी एकूण २६ पेसमेकर वापरले. २००१ मध्ये ८६व्या वर्षी त्यांचे निधन झाले तेव्हा त्यांचे शल्यचिकित्सक आणि ते उपकरण बनवणारे अभियंते दोघेही त्यांच्या आधी गेलेले होते.

आता दुकानाविषयी. पेसमेकर हृदयातील काही हजारांश व्होल्टचे इशारे ऐकत असतो. बाहेरून आलेला विजेचा गोंगाट त्याला हृदयाचा ठोका वाटला, तर ठोका पडतोच आहे असे समजून तो स्वतःचा धक्का थांबवून ठेवू शकतो. म्हणून वडिलांनी स्वतः वेल्डिंग करावे की नाही, हे त्यांच्या पेसमेकरच्या नोंदी तपासणाऱ्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. तोपर्यंत चालू वेल्डिंग यंत्रापासून आणि त्याच्या केबलपासून त्यांनी दूर राहावे, आणि केबलचे वेटोळे खांद्यावर तर कधीच घेऊ नये. मोबाइल शर्टाच्या खिशात न ठेवता छातीपासून किमान १५ सेंटिमीटर दूर ठेवावा. इंडक्शनच्या शेगडीपासून सुमारे ६० सेंटिमीटर अंतर ठेवण्याचा सल्ला सामान्यतः दिला जातो. इन्व्हर्टर, मिक्सर आणि दूरचित्रवाणी संच चांगल्या स्थितीत असतील, तर हातभर अंतरावरून त्यांचा त्रास होत नाही.

एका गोष्टीकडे मात्र आपण सगळेच दुर्लक्ष करतो, आणि ती म्हणजे अर्थिंग. धुण्याच्या यंत्रातून किंवा पाण्याच्या पंपातून झिरपणारा किरकोळ प्रवाह धडधाकट माणसाला जाणवतही नाही, पण हृदयात बसवलेल्या उपकरणाची अशा प्रवाहाने दिशाभूल झाल्याची उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. जांभ्याच्या सड्यावर पाणी ठरत नाही. पावसाळ्यात ओला असलेला अर्थिंगचा खड्डा एप्रिल-मेमध्ये कोरडा पडला की त्याचा रोध वाढतो आणि घरातले अर्थिंग नावापुरतेच उरते. परवानाधारक वायरमनकडून त्याचे मोजमाप उन्हाळ्यातच करून घ्यावे, आणि गळणारा प्रवाह ३० मिलिअँपिअरच्या पुढे जाताच वीज तोडणारे सर्किट ब्रेकर घराच्या मुख्य बोर्डावर बसवावे. पेसमेकर बदलण्याच्या खर्चापुढे हा खर्च फारच थोडा आहे, आणि तो घरातील प्रत्येकाच्या उपयोगी पडतो.

प्रश्न : मी हर्णैजवळच्या एका वाडीवर आशा सेविका म्हणून काम करते. माझ्याकडच्या ऑक्सिमीटरवर एकाच माणसाच्या दोन बोटांचे दोन वेगळे आकडे येतात. होडीवर जाणाऱ्या मंडळींची त्वचा उन्हाने काळवंडलेली असते. काळ्या त्वचेवर हे यंत्र चुकते, असे प्रशिक्षणात कुणीतरी म्हणाले. ते खरे आहे का, आणि मग मी आकड्यावर विश्वास कितपत ठेवावा?

उत्तर : ताई, आपला प्रश्न सध्याच्या संशोधनाच्या अगदी मध्यभागी येतो. ऑक्सिमीटर रक्त पाहत नाही. बोटाच्या एका बाजूने लाल आणि अवरक्त असे दोन प्रकाश सोडून पलीकडे प्रत्येकी किती पोहोचला, तेवढे तो पाहतो, आणि त्यावरून रक्तातील ऑक्सिजनचा अंदाज बांधतो. ऑक्सिजन घेतलेले रक्त लाल प्रकाश बराचसा जाऊ देते आणि अवरक्त प्रकाश जास्त शोषते. ऑक्सिजन सोडलेल्या रक्ताचे याच्या उलट असते. परंतु वाटेत त्वचा, मांस आणि हाडही प्रकाश शोषतात, मग त्यांचा हिशेब कसा वेगळा काढायचा? जपानी अभियंते ताकुओ आओयागी यांना याचे उत्तर १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला सापडले. ते कानाच्या पाळीतून जाणाऱ्या प्रकाशाने हृदयाचे कार्य मोजत होते आणि नाडीच्या प्रत्येक ठोक्याने त्यांचे मोजमाप हलत होते. ही अडचण दूर करता करता त्यांच्या लक्षात आले की ठोक्याबरोबर हलणारा भाग म्हणजेच रोहिणीतील ताजे रक्त, आणि न हलणारा भाग म्हणजे बाकी सगळे. ज्याला ते गोंगाट समजत होते, त्याच्यातच हवी असलेली माहिती होती. १९७४ मध्ये त्यांनी ही पद्धत मांडली. करोनाच्या साथीत घराघरांत पोहोचलेल्या या उपकरणाचे जनक त्याच साथीच्या आरंभी, एप्रिल २०२० मध्ये, निवर्तले.

या युक्तीने त्वचेचा परिणाम बराचसा वगळला जातो, पण पूर्ण वगळला जात नाही. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतील रुग्णांची एक पाहणी प्रसिद्ध झाली. ज्यांचा आकडा ऑक्सिमीटरवर ९२ ते ९६ दिसत होता, अशा रुग्णांच्या रोहिणीतील रक्ताची प्रत्यक्ष तपासणी केली असता, कृष्णवर्णीय रुग्णांच्या ११.७ टक्के नमुन्यांत आणि गौरवर्णीय रुग्णांच्या ३.६ टक्के नमुन्यांत ऑक्सिजन ८८ टक्क्यांच्याही खाली निघाला. यंत्रांची पारख ज्या लोकांवर होत होती, त्यांत काळ्या त्वचेची माणसे फार थोडी होती, हे त्यामागचे एक कारण आहे. तेव्हाच्या अमेरिकी नियमानुसार १० निरोगी व्यक्तींवरची चाचणी पुरेशी ठरत असे. जानेवारी २०२५ मध्ये तेथील अन्न व औषध प्रशासनाने प्रसिद्ध केलेल्या मसुद्यात ही संख्या १५० किंवा अधिक असावी आणि त्यांत सर्व वर्णांच्या व्यक्ती असाव्यात, असे सुचवले आहे. आपल्या किनाऱ्यावरच्या माणसांच्या दृष्टीने हा बदल मला अत्यंत महत्त्वाचा वाटतो, कारण आपल्या दवाखान्यांत येणाऱ्या यंत्रांचीही पारख आपल्या त्वचेवर झालेली असली पाहिजे.

आपल्या कामापुरते सांगायचे तर दोन बोटांत दोन-तीन अंकांचा फरक येणे हा यंत्राचा दोष नव्हे. चांगल्या यंत्राच्या मोजमापातही तेवढी चूक गृहीत धरलेली असते. मासळीच्या बर्फात हात घालून आलेल्या माणसाची बोटे गार असतात आणि त्यांत रक्त कमी खेळते, म्हणून ती चोळून ऊब आल्यावरच यंत्र लावावे. नेलपॉलिश पुसून घ्यावे, आणि गडद मेंदीचे बोट टाळून बिनमेंदीचे बोट किंवा पायाचे बोट घ्यावे. यंत्रावर थेट ऊन पडू देऊ नये, हात स्थिर ठेवावा आणि आकडा मिनिटभर टिकल्यावरच तो नोंदवावा. एका आकड्यापेक्षा त्याच माणसाचा कालचा आणि आजचा आकडा शेजारी ठेवून पाहणे अधिक भरवशाचे असते. काल ९७ होता आणि आज ९३ आहे, ही घट यंत्र थोडे चुकत असले तरी खरी असण्याचाच संभव अधिक. आणि माणसाला धाप लागली असेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा बोलताना वाक्य तुटत असेल, तर यंत्रावर ९५ दिसत असले तरी त्याला पुढे पाठवावे. अशा वेळी आपल्या डोळ्यांना दिसते ते यंत्राहून मोठे मानण्याचा अधिकार आपल्याला आहे.

प्रश्न : सुई न टोचता रक्तातील साखर दाखवणारे घड्याळ ऑनलाइन दीड-दोन हजारांत मिळते. माझी पत्नी इन्सुलिन घेते. ते मागवावे का?
— एक निवृत्त शिक्षक, गुहागर

उत्तर : गुरुजी, मागवू नये. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर इशारा दिला की त्वचेला न टोचता साखर मोजणाऱ्या कोणत्याही घड्याळाला किंवा अंगठीला त्यांनी मान्यता दिलेली नाही. अडचण समजून घेण्यासारखी आहे. साखर १०० असते तेव्हा एक मिलिलिटर रक्तात साखर अवघी एक मिलिग्रॅम असते आणि भोवती बहुतांश पाणी असते. ज्या अवरक्त प्रकाशाने साखर ओळखायची, तोच प्रकाश पाणी कितीतरी अधिक शोषते, त्यामुळे साखरेचा क्षीण इशारा घाम, तापमान आणि मनगटाच्या हालचालीत हरवून जातो. अनेक प्रयोगशाळा या प्रश्नावर गंभीरपणे काम करीत आहेत, परंतु दीड हजारांच्या घड्याळात त्याचे उत्तर आलेले नाही. चुकीच्या आकड्यावर इन्सुलिन जास्त घेतले गेले तर साखर एकदम उतरून माणूस बेशुद्ध पडू शकतो.

वारंवार टोचणे नको असेल, तर दंडावर चिकटवायच्या सेन्सरविषयी डॉक्टरांशी बोलावे. त्याचा केसासारखा तंतू त्वचेखाली राहतो आणि ग्लुकोज ऑक्सिडेज या विकराच्या साहाय्याने पेशींभोवतीच्या द्रवातील साखर विजेच्या रूपात मोजतो. या कल्पनेचे मूळ लेलँड क्लार्क यांच्या १९६२ मधील कामात आहे. तो द्रव रक्ताच्या काही मिनिटे मागे असतो, म्हणून साखर वेगाने चढत किंवा उतरत असताना आणि लक्षणे व आकडा जुळत नसताना बोटाला टोचूनच खात्री करावी.

प्रश्न : मी मालवणला बारावी विज्ञान शाखेत आहे. अशा संशोधनाकडे जाण्यासाठी काय शिकावे?

उत्तर : विद्युत, इलेक्ट्रॉनिक्स किंवा बायोमेडिकल, यांपैकी कोणत्याही शाखेतून वाट जाते. रायगड जिल्ह्यात लोणेरे येथे तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे, आणि मुंबईच्या आयआयटीत जैवअभियांत्रिकीचा स्वतंत्र विभाग आहे. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनल संस्थेचेही काम पाहावे. तेथे डॉ. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली हृदयाची कृत्रिम झडप तयार झाली. तिचे पहिले तीन नमुने फसले आणि चौथा १९९० मध्ये रुग्णाच्या हृदयात बसला. तोपर्यंत एक प्रयोग घरीच करता येईल. बिघडलेल्या पण दिवा लागणाऱ्या ऑक्सिमीटरमध्ये बोट न घालता आत पाहावे. लाल दिवा डोळ्यांना दिसेल, अवरक्त दिसणार नाही. मग अंधाऱ्या खोलीत मोबाइलचा पुढचा कॅमेरा त्याच्यावर धरावा. लाल दिव्याच्या शेजारी फिकट जांभळा ठिपका चमकला, तर तोच त्या उपकरणाचा दुसरा दिवा.