नवे औषध निकामी, जुने लागू : असे कसे?

प्रश्न : मला वर्षभरात तिसऱ्यांदा मूत्रमार्गाचा संसर्ग झाला. पूर्वी सिप्रोफ्लॉक्सॅसिनने दोन दिवसांत उतार पडत असे, यंदा मुळीच पडला नाही. लघवीच्या कल्चर अहवालात ई. कोलाय जंतू आढळले असून सिप्रोफ्लॉक्सॅसिनपुढे ‘आर’, तर नायट्रोफ्युरंटॉइन या जुन्या औषधापुढे ‘एस’ लिहिले आहे. माझ्या शरीराला पहिल्या औषधाची सवय झाली का?
– एक वाचक

उत्तर : सवय शरीराला होत नाही, बदलतात ते जंतू. ‘आर’ म्हणजे औषधाला न जुमानणारा, ‘एस’ म्हणजे औषध लागू पडणारा. मूत्रमार्गात शिरणारे ई. कोलाय बहुधा आपल्याच आतड्यातून येतात, आणि औषधाला न जुमानणाऱ्या जंतूंची खरी निवड तिथेच होते. सिप्रोफ्लॉक्सॅसिन जंतूच्या ज्या विकरावर (एन्झाइमवर) घाव घालते, त्याच्या जनुकात विभाजनाच्या वेळी कोट्यवधींत एखाद्या जंतूत चूक होते आणि औषधाची पकड ढिली पडते. हे औषध आतड्यातही भरपूर उतरत असल्याने प्रत्येक कोर्समध्ये इतर जंतू मरतात, तो एक उरतो आणि मोकळ्या जागेत वाढतो. पुढच्या कोर्समध्ये त्याच्याच वंशात दुसरा बदल टिकतो आणि प्रतिकार आणखी पक्का होतो. शिवाय असा तयार जंतू दुसऱ्या माणसाकडूनही येऊ शकतो. एसटी १३१ नावाचा ई. कोलायचा वंश असाच जगभर पसरला. सेफॅलोस्पोरिन या दुसऱ्या गटातील प्रतिजैविके निकामी करणारी जनुकेही तो अनेकदा प्लाझमिडवर, म्हणजे एका जंतूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकणाऱ्या डीएनएच्या कड्यावर, बाळगतो.

नायट्रोफ्युरंटॉइन १९५३ पासून वापरात आहे, तरी ई. कोलाय त्याला अजून बहुधा बळी पडतो. गंमत अशी की, या औषधाला विषारी रूप जंतूची स्वतःचीच विकरे देतात आणि मग ते एकाच वेळी अनेक ठिकाणी मारा करते. त्यातून पुरते सुटायचे तर जंतूला सहसा अशी दोन विकरे गमवावी लागतात. तेवढे बदल एकत्र जुळणे दुर्मीळ असते. त्यातच हे औषध लहान आतड्यातच बरेचसे शोषले जाऊन लघवीत साठते, त्यामुळे मोठ्या आतड्यातील जंतूंवर निवडीचा दाब फारसा पडत नाही.

मात्र रक्तात आणि मूत्रपिंडाच्या पेशीजालात ते पुरेसे पोहोचत नाही. म्हणून थंडी वाजून ताप आला किंवा कुशीत दुखू लागले, तर अहवालातील ‘एस’वर विसंबून ही गोळी सुरू करू नये, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.