सागवानी डेकचं वार्निश सोलून निघते, त्यावरच परत एक हात मारला तर चालते का?

नाही भाऊ, नका मारू. तुम्ही लिहिलं की ताडोबाजवळ मोहर्लीकडे होमस्टेसमोर सागवानी फळ्यांचा डेक केला, वर चकचकीत वार्निश मारलं, आता पापुद्रे निघून खालचं लाकूड काळं पडून राहिलं. मी चंद्रपूर जिल्ह्यातच सुतारकाम करतो, उघड्यावरच्या लाकडावर वार्निशची हीच गत होते. मे महिन्यात 45-46 डिग्रीत लाकूड आकसते, पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, वार्निश तेवढं ताणल्या जात नाही अन् तडकते, मग फटीतून पाणी आत शिरते आणि वरच्या थरामुळे वाळतही नाही. नखानं एखादा फुगा उचलून पाहा, खाली लाकूड ओलसर, राखाडी दिसेल. म्हणून आधी जुनं सगळं काढा, कोपऱ्याकोपऱ्यातलं सुद्धा.

80 नंबरच्या पॉलिश पेपरनं रेषेच्या दिशेनं घासा, मग 120, बस. त्याहून बारीक केलं तर लाकूड गुळगुळीत होते पण तेल पीत नाही. तारेचा ब्रश अजिबात नको, लोखंडाचे कण राहतात अन् पहिल्या पावसात काळे ठिपके उठतात. तुमच्या फोटोत स्क्रूभोवती जे काळे गोल आहेत ते तेच, सागातलं टॅनिन (लाकडातलं तुरट द्रव्य) आणि लोखंड ओलाव्यात भेटलं की असं होते. स्क्रू स्टेनलेसचे टाका. डागांसाठी ऑक्झॅलिक ॲसिड, लिटरभर कोमट पाण्यात साधारण 100 ग्रॅम, प्लास्टिकच्या बादलीत. वीसेक मिनिटं ठेवून भरपूर पाण्यानं धुवा. विषारी आहे, हातमोजे अन् चष्मा घाला, गाई-बकऱ्या दूर ठेवा, आणि धुतल्याशिवाय परत घासू नका, भुकटी नाकात जाते.

आता लावायचं काय, तं बाहेरच्या लाकडासाठीचं डेक ऑइल, तेही हलक्या तपकिरी रंगाचं, कारण ऊन अडवते तो रंग, पाण्यासारखं पारदर्शक तेल नाही. गावात लोक जळकं ऑइल सुचवतील. कुंपणाच्या खांबाला लावतात ते ठीक, पण पाहुणे अनवाणी चालतात तिथं नको, पायाला लागते, वास जात नाही, अंगालाही वाईट, अन् त्यावर पुढं दुसरं काही धरत नाही. घाण्याचं जवसाचं तेलही नको, लवकर वाळत नाही आणि बुरशी धरते.

जुलै ते सप्टेंबर ताडोबाचा कोअर (जंगलाचा आतला भाग) पर्यटकांसाठी बंद, पाहुणे कमी, म्हणून तवाच काम काढायचा मोह होईल. पण लाकूड ओलं असते, तेल आत जाणार कुठं? दिवाळीनंतर काढा, अर्धा डेक एका वेळी, म्हणजे धंदाही चालू राहते. सकाळी लावा, तापलेल्या फळीवर नाही. पंधरा-वीस मिनिटांनी जे तेल वर राहिलं ते फडक्यानं पुसूनच घ्या, नाही तं महिनाभर चिकट राहून धूळ धरते. फळ्यांच्या कापलेल्या टोकांना दोन-तीनदा पाजा, सगळ्यात जास्त पाणी तिथूनच शिरते आणि नेमकी तीच जागा सगळे विसरतात. फटीतला पालापाचोळा काढत राहा. फळीवर पाण्याचे थेंब टाकून पाहा, जिरायला लागले की घासायची गरज नाही, धुऊन, वाळवून परत एक हात द्या.

आणि तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना आतून तापतात, आपोआप पेट घेतात. पाण्यात बुडवा किंवा एकेक मोकळी पसरून कडक वाळवा, मगच फेका.